कोळंबी मृगापर्यंत ठेवायची नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्याला धागा लागेल. तुम्ही बोरिवलीला राहता, नोकरी करता. खाडीपलीकडे गोराईच्या बाजूला वडिलांचं सव्वादोन एकर खाजण, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन आहे, त्यात दोन तळी. वडील होळीच्या उधाणाला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या फळ्यांच्या दारातून पाणी घ्यायचे, पाण्याबरोबर येईल ती कोळंबी, बोय, चिंबोरी वाढू द्यायचे आणि मृग लागला की काढायचे. ते गेल्यावर तुम्ही तीन वर्षं हॅचरीचं बीज आणून व्हेनामी, म्हणजे परदेशी जातीची कोळंबी केली. एकदा साधलं, एकदा एप्रिलच्या उन्हात गेलं, एकदा मेच्या पावसात. आता काका म्हणतात, बायोफ्लॉकच्या (जिवाणूंच्या मदतीने दाटीने मासे वाढवायच्या) टाक्या लाव, नाहीतर जागा काढून टाक. आणि तुम्ही विचारताय, हवामान असं बदललंय तर मत्स्यशेती करणारे नेमकं कोणतं तंत्र वापरतात?

तुम्ही तंत्र विचारलंत, मी आधी तारखा विचारतो. बीज कधी सोडलं होतं आणि माल कधी काढणार होतात? पत्रात लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोडलं आणि जूनचा पहिला आठवडा धरला होता. म्हणजे वडिलांचंच पंचांग, फक्त बीज नवं. वडिलांना ते चालत होतं, कारण त्यांचं बीज फुकट यायचं आणि खाद्याला पैसा लागत नव्हता. निम्मं मेलं तरी उरलेलं नफ्यात. तुमचा प्रत्येक जीव विकत आणलेला आहे. त्यामुळे तुमचा पैसा पाण्यात किती दिवस राहतो, यावर सगळा खेळ आहे.

मी वसई-पालघर पट्ट्यातल्या तळ्यांवर सव्वीस वर्षं काढली. सुरुवातीला टायगर कोळंबी होती, व्हेनामीला आपल्याकडे २००९ साली परवानगी मिळाली. या काळात पाणी किती अंशांनी तापलं, यावर मी तुम्हाला व्याख्यान देणार नाही. तळं सरासरीने मरत नाही, एखाद्या रात्रीने मरतं. आणि अशा रात्री आता पूर्वी यायच्या त्या महिन्यांत येत नाहीत, एवढंच मला नीट कळलंय.

२०२५ चा मे घ्या. मुंबईला पाऊस येण्याची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजी दाखल झाला, पंचाहत्तर वर्षांत एवढा लवकर कधी आला नव्हता. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ चा विक्रम मोडला. माझं एक तळं तेव्हा भरलेलं होतं. १५ मेला पाग (फेकजाळं) टाकून बघितलं तर ७० काउंट, म्हणजे किलोला सत्तर नग. व्यापारी गाडी पाठवायला तयार होता. मी म्हटलं, अजून दहा-बारा दिवस, ६० काउंटला भाव चांगला लागेल. अनुभव सव्वीस वर्षांचा, हाव मात्र पहिल्या वर्षाची. पुढच्या आठवड्यात संध्याकाळचा पाऊस सुरू झाला, रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला आणि तासाभराने बंद पडला. पहाटे चारला कडेला कोळंबी वर आलेली दिसली. दुपारी व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा त्याने मालाचा भाव सांगितला नाही, बर्फाचा सांगितला.

तेव्हापासून मी दोनच पिकं धरतो, दोन्ही आखूड. पहिलं बीज फेब्रुवारीच्या मध्याला तळ्यात, माल १० मेच्या आत बाहेर, मग काउंट ६० असो की ८०. दुसरं दसऱ्यानंतर. पाऊस परतण्याची मुंबईची तारीख ८ ऑक्टोबर धरतात, पण तो अलीकडे रेंगाळतो, म्हणून शेवटचा गडगडाट झाल्यावर दहा दिवस वाट बघायची आणि नाताळच्या आधी तळं रिकामं करायचं. नाताळची तारीख दोन कारणांनी धरलीय. गोराई, उत्तन, वसईला त्या आठवड्यात कोळंबीला मागणी असते. आणि त्यानंतर रात्री गार पडतात, दिवस तापतात. या चढउतारात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उठतो, त्यावर औषध नाही.

सत्तर-ऐंशी दिवसांत कोळंबी विकण्याजोगी होईल का? थेट तळ्यात बारीक बीज सोडलंत तर जेमतेम. म्हणून नर्सरी करा. विमानाने आलेलं बीज आधी ताडपत्री अंथरलेल्या छोट्या टाकीत २५ ते ३० दिवस ठेवा, वर हिरवी जाळी, सतत हवा. ते चांगलं टणक झालं की तळ्यात. मोठ्या तळ्यातला जवळजवळ महिना वाचतो. शिवाय नाजूक बीज उघड्या उन्हात पडत नाही. पिशव्या आल्या की घाईने फोडू नका. पिशवीतलं पाणी बावीस अंशांचं आणि टाकीतलं एकतीसचं असू शकतं. पिशव्या अर्धा-पाऊण तास तरंगत ठेवून मग टाकीचं पाणी थोडं थोडं आत घाला, आणि हे काम दिवस मावळल्यावर करा. तुमचं एप्रिलचं पीक उन्हात गेलं असं तुम्ही म्हणता. बीज किती वाजता सोडलं होतं, ते जरा आठवून बघा.

आता खोली. माझ्या मते तुमच्या दोन्ही नुकसानांचं मूळ तिथे आहे. जुनी खाजणं उथळ असतात, दोन फूट पाणी. समजा तुमच्या तळ्यात ६० सेंटिमीटर पाणी आहे आणि खारटपणा ३० पीपीटी, म्हणजे लिटरमागे साधारण ३० ग्रॅम मीठ. मार्च-एप्रिलच्या उन्हात रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडालं तर महिन्यात १५ सेंटिमीटर जातं. मीठ मात्र तळ्यातच राहतं. खारटपणा ४० वर जातो. त्यावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, जो मुंबईला नवा नाही, तर तोच ४० वरून थेट २८ च्या खाली येतो. एका रात्रीत बारा अंकांची घसरण. हेच गणित दीड मीटर पाण्यावर करा. ३० चे ३३ होतात, पाऊस पडल्यावर २९. चार अंकांचा फरक. त्याच उन्हात, त्याच पावसात एकाचं तळं मरतं आणि शेजाऱ्याचं तरतं, ते या हिशेबामुळे. तापमानाचंही तसंच: उथळ पाणी दुपारी तापतं आणि पहाटे उतरतं, खोल पाणी दोन्हीला हळू.

सगळं तळं खोदायचा खर्च झेपत नसेल तर बांधाच्या आतून चौफेर चर काढा, दीड मीटर खोल, दोन-अडीच मीटर रुंद. निघालेली माती बांधावर चढवा, म्हणजे एकाच खोदाईत बांधही उंच होतो. पण जपून. आपल्या खाजणातली खालची काळी माती वर येऊन वाळली की आंबट होते. पहिल्या पावसात ती आंबटाई धुऊन तळ्यात उतरते आणि पीएच पडतो. नव्या बांधाच्या उतारावर मेमध्येच चुना मारून ठेवायचा. आणि खोदण्याआधी कागद बघा. कांदळवनाला हात लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्याच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही सांभाळायचा आहे. जेसीबीवाला सांगेल, 'कोण बघतंय साहेब.' बघतात. आणि बांधाबाहेरची तिवरं लाटेचा मार खातात म्हणून तुमचा बांध उभा आहे, हे वडिलांना कोर्टाने सांगावं लागलं नव्हतं.

पावसाची रात्र कशी काढायची, हे सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या फोनांपैकी निम्मे त्याच रात्रीचे असतात.

गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्या पाण्यात आपोआप मिसळत नाही, वर सायीसारखं बसतं. खालच्या खाऱ्या थराला मग हवा मिळत नाही. कोळंबी तळाला राहणारी, विष्ठा आणि उरलेलं खाद्यही तळाला, म्हणजे प्राणवायू खाणारे सगळे खाली आणि प्राणवायू वर. ढग असल्यामुळे पाण्यातली हिरवळ दिवसाही कमी प्राणवायू बनवते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तर आणखी वाईट, कारण ऊन वरच्या थरातून जाऊन खालच्या खाऱ्या पाण्याला तापवतं आणि ती उष्णता वर सुटत नाही. लोक म्हणतात, पाऊस थांबला, सुटलो. माझ्या बघण्यात जास्त मर पाऊस थांबल्यानंतरच्या दुसऱ्या पहाटे झालीय.

म्हणून पाऊस सुरू होण्याआधी कामाला लागायचं. हवामान खात्याचा ऑरेंज इशारा दिसला की संध्याकाळचं खाद्य बंद. माणसं इथे चुकतात, त्यांना वाटतं उपाशी राहील. कोळंबी एक रात्र उपाशी राहून मरत नाही, न खाल्लेलं खाद्य कुजून मरते. दुसरं, उघाडीच्या वरच्या एक-दोन फळ्या काढून ठेवायच्या, जाळी लावून. वर साचणारं गोडं पाणी ओहोटीला आपोआप बाहेर जातं. खालच्या फळ्यांना हात लावायचा नाही. तिसरं, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं) पहिल्या सरीबरोबर सुरू, थर बसायच्या आत. थर बसून दहा-बारा तास झाले असतील तर सगळे एरेटर एकदम लावू नका, तळाची घाण एका झटक्यात वर येते. एक लावा, तासाने दुसरा. पाऊस ओसरला की बांधाच्या कडेने चुना किंवा डोलोमाइट, एकरी ४० ते ८० किलो, पाण्यात कालवून. खारटपणा घसरला की कोळंबी एकदम कात टाकते, आणि नव्या कवचाला पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं. मऊ कोळंबीला दुसरी कोळंबी खाते. त्या दिवशी चेक ट्रेमध्ये (खाद्य तपासायच्या जाळीच्या ताटात) रिकामी कवचं दिसली तर घाबरू नका, पण खाद्य दोन दिवस निम्मं ठेवा.

एरेटर किती? माझा ठोकताळा ४०० ते ५०० किलो कोळंबीमागे एक एचपी. पण तळ्यावर एरेटर किती आहेत याला अर्थ नाही, रात्री तीनला किती फिरतात ते बघा. वीज गेली की जनरेटर कोण चालू करणार? तुम्ही बोरिवलीत, रात्री गोराईची होडी बंद, रस्त्याने यायचं तर भाईंदरला वळसा. तुमचा रखवालदार डिझेल मोजून ठेवणारा हवा आणि जनरेटर आठवड्यातून एकदा अर्धा तास भाराखाली चालवून बघायला हवा. माझा बंद पडला तो डिझेलमध्ये पाणी होतं म्हणून. एवढ्याशा कारणाने एवढं मोठं नुकसान झालं, हे सांगायला आजही लाज वाटते.

उन्हासाठी वेगळं फारसं नाही. पाणी ३३ अंशांच्या वर गेलं की कोळंबीची भूक बिघडते, खाद्य दुपारचं कमी करून सकाळी लवकर आणि रात्री द्या. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३५ ला सातच्या आसपास, खाऱ्यात याहून कमी. म्हणून उन्हाळ्यात बीज कमी सोडायचं. नियमाने व्हेनामी चौरस मीटरला ६० पर्यंत सोडता येते. तुमच्यासारख्या उथळ तळ्यात मी पंधराच्या वर जाणार नाही. तुमच्या पत्रात ४५ लिहिलंय. तो आकडा तुम्हाला बीज विकणाऱ्याने दिला असणार.

खाडीच्या पाण्याबद्दल मुंबईपुरती एक गोष्ट. पहिल्या दोन-तीन पावसांत सगळे नाले, गटारं, रस्ते धुऊन खाडीत येतात. त्या उधाणाचं पाणी तळ्यात घेऊ नये, खारटपणा कितीही योग्य असो. शक्य असेल तर दोनपैकी छोटं तळं साठवणीला ठेवा. फेब्रुवारीत चांगलं पाणी भरून, गाळून, मुरवून ठेवायचं आणि मोठ्या तळ्याला त्यातलं द्यायचं. पीक एका तळ्याचंच निघेल, पण निघेल. याच कारणासाठी मुंबईच्या खाडीत कालवं, शिनाणी असले शिंपले वाढवा असा सल्ला मी देत नाही. ती पाणी गाळून खातात, म्हणजे आपलं सांडपाणीच आपल्या ताटात. दक्षिण कोकणात गोष्ट वेगळी.

आता कोळंबीऐवजी तळ्यात काय ठेवता येईल? माझं मत, जिताडा मासा. पेण-अलिबागकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या गावतळ्यात जिताडा ठेवत आलेत. तो खाऱ्यातही राहतो, गोड्यातही, पावसाने खारटपणा शून्यावर आला तरी त्याला फरक पडत नाही. बोटुकली (बोटभर पिल्लं) सप्टेंबर-ऑक्टोबरात टाका, सुरुवातीला दर पंधरवड्याला लहान-मोठे वेगळे करा, नाहीतर मोठा लहानाला गिळतो आणि तुम्ही बगळ्याला शिव्या देता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या जिताड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. श्रावण लागायच्या आत विकून मोकळं व्हायचं, कारण मग निम्मी मुंबई मासे खात नाही. बांधावर मीटरभर उंच जाळी मात्र लावा. उधाण आणि अतिवृष्टी एका दिवशी आली की पाणी बांधावरून वाहतं आणि जिताड्याला वाट सापडते.

चिंबोरी हा दुसरा पर्याय, लहान प्रमाणात. पोकळ, अंगात मांस न भरलेल्या चिंबोऱ्या स्वस्तात घेऊन पेटीत एकेक ठेवून तीन-चार आठवडे खाऊ घालायच्या, भरल्या की विकायच्या. पैसा महिन्याच्या आत परत, म्हणजे पुन्हा तोच मुद्दा, पाण्यातले दिवस कमी. कोळणी अमावास्येची चिंबोरी भरलेली म्हणून जास्त भावाने विकतात, तेव्हा काढायचा दिवसही कॅलेंडर बघून ठरवा. कांदळवनाच्या कडेला गटाने खेकडेपालन करायला वन खात्याच्या कांदळवन कक्षाची योजना आहे, चौकशी करा.

काकांच्या बायोफ्लॉकबद्दल. काकांनी व्हिडिओ बघितला असणार, ज्यात ताडपत्रीच्या टाकीतून टोपलीभर मासे निघतात. टाकीत मासे दाटीने असतात आणि त्याच पाण्यात जिवाणूही प्राणवायू खातात. अर्धा-एक तास हवा बंद पडली की संपलं. ज्याच्याकडे चोवीस तास माणूस आणि दोन जनरेटर आहेत त्याने करावं. वीज जाण्याच्या भीतीने तळं सोडून, विजेवर त्याहून जास्त अवलंबून असलेल्या टाक्यांकडे जाण्यात मला तर्क दिसत नाही. काकांना माझा नमस्कार सांगा, पण हे करू नका.

बांध. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आणि तौक्ते मे २०२१ मध्ये, म्हणजे दोन्ही आपल्या काढणीच्याच तोंडावर आली. वादळाबरोबर उधाण असेल तर पाणी भरतीच्या तक्त्यातल्या आकड्यापेक्षा वर चढतं. बांधाला खांड पडते ती बहुधा खेकड्याच्या बिळापासून किंवा उघाडीच्या बाजूच्या कच्च्या मातीपासून. एप्रिलमध्ये ओहोटीला बांधावरून चालत बिळं बुजवणं, हे सगळ्यांत स्वस्त काम आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं.

कागदपत्रांचं थोडक्यात. किनारी मत्स्यशेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या कोस्टल ॲक्वाकल्चर ऑथॉरिटीची नोंदणी नसेल तर व्हेनामी करूच नका. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज आणि विम्याच्या दृष्टीने तो उपयोगी आहे, पण त्यासाठी तुमचं नाव खात्याच्या नोंदीत हवं. आणि वही ठेवा: बीजाची पावती, रोजचं खाद्य, पहाटेचा प्राणवायू, पीएच, खारटपणा. पंचनाम्याला आलेला माणूस मेलेली कोळंबी मोजत नाही, वही मागतो.

जागा विकायची की नाही, हे मी सांगणार नाही. पण ठरवण्याआधी एक करा. येत्या पावसाळ्यात भरतीच्या तक्त्यात सगळ्यांत मोठ्या उधाणाचा दिवस बघा, त्या दिवशी रजा काढा आणि भरतीच्या वेळी छत्री घेऊन बांधावर उभे राहा. पाणी सगळ्यांत वर जिथे टेकतं तिथे उघाडीच्या खांबावर ऑइल पेंटने रेघ मारा आणि रेघेपासून बांधाच्या माथ्यापर्यंत टेपने मोजा. दोन फुटांपेक्षा कमी भरलं तर मला कळवा, मग बीजाचं नंतर, आधी मातीच्या खर्चाचा हिशेब करू.